दख्खनी मेंढीला काराकुल नर लावून कुरळ्या कातड्याची जात तयार होईल का?

माणदेशी_कोपरखैरणे
नमस्कार मंडळी. राहायला कोपरखैरणे, वडील वाशी मार्केटला माथाडी होते, पण मूळ आम्ही माण तालुक्यातले आणि मामाकडं अजून 110 दख्खनी मेंढरं आहेत. लोकरीचं तर बघवत नाही, कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा निघत नाही, मागच्या खेपेला मामानं चार पोती बांधावर तशीच टाकून दिली. मध्ये काराकुल मेंढीबद्दल वाचलं, बुखाराकडची, कोकराच्या कातड्यावर घट्ट कुरळ्या वळ्या असतात आणि त्याच्या टोप्या, कोट होतात. आता आमच्या काळ्या मेंढ्यांची कोकरं पण जन्मली की दोन-तीन दिवस पाठीवर बारीक वळ्या दिसतात, मी बोटानं उलगडून बघितल्यात, सोडलं की परत गुंडाळतात, आठवड्याभरात मात्र सुटून जातात. तर क्रॉस करून आपल्या हवेत टिकणारी जात काढता येईल का, किती वर्षं लागतील?

जनावरांचा_डॉक्टर_ठाणे
कल्पना जगात यशस्वी झालेली आहे. 1907 साली काराकुल आजच्या नामिबियात नेल्या, तिथल्या स्थानिक मेंढ्यांना काराकुल नर लावले, मग त्या माद्यांना परत काराकुल नर, असं पिढ्यानपिढ्या करत गेले आणि निवडीतून स्वतःची जात उभी केली, तिला स्वकारा म्हणतात. वळी पण बदलली, बुखाराची नळीसारखी आणि यांची चपटी, पाण्याच्या लाटांसारखी. आपल्याकडेही 1970 च्या दशकात रशियाकडून काराकुल आणून बिकानेरला राजस्थानी मेंढ्यांशी संकर केले होते.
काळा रंग सोपा आहे, तो बहुतेक पहिल्याच पिढीत उतरतो. वळी मात्र अनेक जनुकांवर असते, म्हणून काराकुलचं रक्त 50 टक्क्यांवर भागत नाही, 75 पर्यंत जावं लागतं आणि एका पिढीला दोनेक वर्षं धरा. करड्या रंगाच्या मागे लागू नका, करडा नर करड्या मादीला लावला की दोन्हीकडून तो जनुक मिळालेली कोकरं चारा खायच्या वयात मरतात, म्हणून करड्याला नेहमी काळा जोडीदार देतात.

मुरबाडकर
डॉक्टरसाहेब, मुख्य गोष्ट राहिली. ते कातडं जन्मल्यावर एक ते तीन दिवसांत कोकरू मारूनच मिळतं, नंतर वळी सुटते, भाऊनं स्वतः लिहिलंय की आठवड्यात सुटते. आणि आपल्याकडे 2001 च्या कत्तलखाना नियमांत तीन महिन्यांखालचं जनावर कापायला बंदी आहे. म्हणजे जात तयार झाली तरी माल काढणार कसा? आमच्या शेतात दरवर्षी दिवाळीनंतर धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ बसतो, दिवसभर वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात कोकरं कोंडलेली असतात आणि संध्याकाळी आया चरून यायच्या वेळेला जो कालवा होतो तो ऐकून मला तरी ही गोष्ट पटत नाही. शिवाय मेंढरं पावसाळ्यात इकडे ठेवायचा विचार पण करू नका, मृगाच्या आत धनगर माळशेज चढून वर जातात ते उगाच नाही, ओल्या लोकरीत अळ्या पडतात, खुरं सडतात, जंत वेगळेच.

माणदेशी_कोपरखैरणे
तीन महिन्यांचा नियम खरंच माहीत नव्हता. मग विषय इथेच संपला, दोन दिवसांचं कोकरू मामा कुणाच्या हातात देणारच नाही. पण लोकरीचं काय करायचं हा प्रश्न तसाच राहिला.

घोंगडीवाली_डोंबिवली
दादा, तुमच्याकडे चांगला माल आहे आणि तुम्ही तो बाकीच्या लोकरीत मिसळताय. कोकराची पहिली कातर म्हणजे जावळ, ती सगळ्यात मऊ असते, जावळीच्या घोंगडीला वेगळा भाव देणारे लोक आहेत, मी स्वतः घेतलीय. जावळ वेगळ्या पोत्यात भरा, त्यातही निव्वळ काळी वेगळी, पांढरे केस आलेली वेगळी, काटे-गोखरू काढून. संकराऐवजी निवड करा, ज्या काळ्या मेंढीच्या कोकरांना दाट, मऊ जावळ येते तिच्या माद्या ठेवा आणि नर तसलाच बघून लावा.

जनावरांचा_डॉक्टर_ठाणे
ताईंचं बरोबर आहे, मुरबाडकर तुमचंही. कळपातली निवड स्वस्त पडते आणि दख्खनीची काटकता जात नाही. फक्त कानात बिल्ले मारा आणि वहीत आई, बाप, जन्मतारीख लिहा, नोंद नसेल तर निवड अंदाजानं होते. नर दर दोन वर्षांनी बदला, नाहीतर बापाखाली लेकी जातात.

माणदेशी_कोपरखैरणे
मामाचा वाडा दिवाळीनंतर खोपोलीच्या बाजूला उतरतो, तेव्हा बिल्ले आणि वही घेऊन जातो. ताई, जावळ किती लांब झाल्यावर कातरायची म्हणजे विणणाऱ्याला चालते?

घोंगडीवाली_डोंबिवली
आमच्या विणणाऱ्या आजोबांना विचारून उद्या लिहिते. तोवर मामांना सांगा, पोती बांधावर टाकू नका.