गोडा मसाला पहिल्यांदाच घरी करतेय: दगडफूल, नागकेशर किती आणू?

रमा_पुणे
घरात आम्ही दोघंच, म्हणून पाव किलो धण्यांचाच मसाला करायचाय. तीळ, खोबरं, लवंग, दालचिनी उरली तरी संपते. अडलंय ते दगडफूल, नागकेशर आणि जायपत्रीपाशी. ही एरवी माझ्या डब्यात नसतात. जवळच्या दुकानात दगडफुलाची ५० ग्रॅमची आणि नागकेशराची १०० ग्रॅमची पुडी आहे. एवढं घेऊ का?

दुर्वांकुर
नका घेऊ, सुटं आणा. पाव किलो धण्यांना आमच्याकडे दगडफूल १० ते १५ ग्रॅम, नागकेशर ५ ग्रॅम आणि जायपत्रीच्या दोन-तीन पाकळ्या पडतात. दगडफूल वजनाला फार हलकं असतं. १५ ग्रॅम तोलून बघाल तर ओंजळ भरेल. त्यात माती, काड्या, सालीचे तुकडे असतात, निवडल्यावर घट येते. म्हणून ते २५ ग्रॅम घ्या. नागकेशर मात्र १० ग्रॅमच्या वर नको. ते सढळ पडलं तर मसाला कडवट होतो.

खलबत्ता
मी तर म्हणेन, पुड्या घ्या आणि अर्धा किलो धण्यांचा मसाला करून टाका. वर्षाची बेगमी.

दुर्वांकुर
दोन माणसांना अर्धा किलोचा मसाला संपता संपत नाही हो. त्यात तीळ-खोबरं आहे, काही महिन्यांनी खवट वास यायला लागतो. अख्खं दगडफूल कोरड्या बरणीत वर्षभर नीट राहतं, कुटलेल्याचा वास मात्र लवकर उडतो. पुडी संपवायची म्हणून मसाला वाढवू नये.

रमा_पुणे
आणि उरलेल्याचं काय करायचं?

दुर्वांकुर
खरं तर किती घ्यायचं ते यावरच ठरवा. दगडफूल मटणाच्या रश्श्याच्या वाटणात जातं, जायपत्री पुलावात. ही थोडी जास्त आली तरी चालतील. नागकेशराला माझ्या स्वयंपाकात दुसरी जागा नाही, त्यामुळे तिथे हात आखडताच ठेवते. ते काष्ठौषधीच्या दुकानात अगदी १० ग्रॅमही सुटं देतात. स्वयंपाकाला हवंय असं आवर्जून सांगा. घेताना थोडं चुरडून वास घ्या. वास आला नाही तर स्वस्त असलं तरी नको.

वेंगुर्लेकर
थोडं विषयांतर, पण हाच हिशेब तिरफळाला लावा. बांगड्याच्या तिखल्यात एका वेळी सात-आठ तिरफळं पुरतात, तीही जराशी ठेचून. महिन्यातून एकदा तिखलं करणाऱ्या घराला ५० ग्रॅम म्हणजे भरपूर झालं. पण तोंड उघडलेली, काळं बी काढलेली बघून घ्या. सगळा स्वाद सालीत असतो, बी टाकूनच द्यायचं असतं. बियांसकट घेतलीत तर वजनाचे पैसे फुकट जातात.

रमा_पुणे
मग दगडफूल २५, नागकेशर १०, जायपत्री ५ ग्रॅम. शनिवारी मंडईच्या बाजूला जाते. वेंगुर्लेकर, तिरफळंही थोडी बघते, आमच्याकडे बांगडा होतो. दुर्वाताई, दगडफूल तेलावर भाजायचं की कोरडंच?

दुर्वांकुर
चमचाभर तेलावर, मंद आचेवर, कुरकुरीत होईपर्यंत. आणि सगळ्यात शेवटी घ्या, पटकन करपतं.