हॉबी १६ ही जुळ्या बुडांची शिडाची होडी लाटांतून काढताना जिब (पुढचं छोटं शीड) उघडी की गुंडाळलेली?

खारावारा: हिवाळा संपत आला की कोकणात दुपारी वायव्येचा खारा वारा चढतो आणि पश्चिमेला तोंड असलेल्या पुळणींवर लाटा जोरात फुटतात. अशा वेळी नवख्यांना सर्रास सांगितलं जातं की दोन्ही शिडं ताणा आणि सुसाट निघा. मला हे अजिबात मान्य नाही. मेनसेल, म्हणजे मागचं मोठं शीड, वाळूवरच, नाक वाऱ्यात धरून चढवा. जिब मात्र रोलरवर गुंडाळलेलीच ठेवा आणि लाटांचा पट्टा ओलांडल्यावर उघडा. कंबरभर पाण्यात एक जण पुढची तार धरून उभा असतो. जिबचा मागचा कोपरा आणि त्याच्या कप्प्या फडफडत त्याच्याच तोंडाशी येतात. त्याचा हात सुटला, की जिब उलट्या बाजूने भरते आणि होडी लाटेला आडवी होते. १४५ किलोची होडी आडवी झाल्यावर पाण्यात उभ्या माणसाला ती आवरत नाही. तिच्या आणि किनाऱ्याच्या मधे तर कुणी उभंच राहू नये.

शिडाचा_दोर: साफ असहमत. या होडीला सेंटरबोर्ड, म्हणजे बुडाखाली उतरणारी फळी, नाही. बाहेरून सपाट, आतून फुगीर असे दोन हल (बुडं) आणि सुकाणूंची पाती, एवढ्यावरच तिचं आडवं सरकणं थांबतं. उथळ पाण्यात पाती अर्धी वर, आणि वर तुम्ही फक्त मागचं शीड भरताय! नाक वाऱ्यात शिरणारच. होडी जागच्या जागी थांबते, पुढची लाट तिला मागे लोटते आणि पाती वाळूत आपटतात. नाक वाऱ्यात शिरू न देण्याचं काम जिबच करते. तीच काढून घेतलीत तर टिलर (सुकाणूचा दांडा) कितीही ओढा, होडी वळत नाही.

खारावारा: नाक वाऱ्यात शिरतं ते मेनशीट, म्हणजे मेनसेल आवरायचा दोर, करकचून ओढल्यामुळे. ६:१ ची, म्हणजे सहापट जोर देणारी, कप्पी हातात आली की माणसं ओढतच सुटतात. ट्रॅव्हलर (मेनशीटची आडवी सरकणारी गाडी) बाहेर सोडा, शीट हातभर सैल ठेवा, आधी वेग घ्या. पाती खाली बसून लॉक झाली की मग ओढा.

शिडाचा_दोर: सैल शीट ठेवून फुटत्या लाटेवर चढायला जोर कुठून येणार? लाटेच्या माथ्यावर वेग मेला की संपलं.

पुळणकर: तुम्ही दोघं वारा किनाऱ्याला कुठल्या कोनात लागतोय ते धरतच नाही आहात. वायव्येचा असेल तर उजव्या कुशीवर वारा घेऊन होडी जवळजवळ सरळ समुद्रात जाते, लाट नाकावर येते. तिथे जिब गुंडाळलेली चालेल. तोच वारा पश्चिमेला फिरला की कुठल्याही कुशीवर गेलात तरी लाट तिरकी लागते. मग दोन्ही शिडं हवीत आणि पुढे वजनदार माणूस हवा. तो नसेल तर मी होडी वाळूवरून हलवणार नाही.

सकाळची_पाळी: एवढा अट्टहास कशाला? पहाटे मतलई वाऱ्यावर निघा, पाणी सपाट असतं.

पुळणकर: ताई, निघणं सोपं आहे, पण तिथेही शिडाची खोड आहेच. वारा मागून असला की बूम (मेनसेलच्या खालचा आडवा दांडा) बाजूच्या तारांना टेकतो. शीट पूर्ण सोडली तरी आडव्या पट्ट्यांचं ते शीड रिकामं होत नाही, होडी धावतच राहते. म्हणून शीड चढवताना नाक जमिनीकडेच हवं आणि दोघं बसायला तयार झाल्यावरच होडी फिरवायची. शिवाय परतायच्या वेळेला खारा वारा आणि लाटा आहेतच.

सकाळची_पाळी: मग मेनसेलच पाण्यात जाऊन चढवली तर? वल्ह्याने बाहेर पडायचं.

शिडाचा_दोर: लाटांत नको. सुमारे ८ मीटर उंच काठीच्या खाचेतून शीड वर सरकवायचं आणि टोकाला हॅलयार्डची (शीड वर ओढायच्या दोराची) कडी आकड्यात अडकवायची, तीही दोन हलांमधे ताणलेल्या, डोलत्या ट्रॅम्पोलिनवर उभं राहून. ती कडी अर्धवट बसली तर शीड नीट चढतही नाही, धड उतरतही नाही. एवढ्यापुरतं खारावारांशी माझं जुळतं, मेनसेल वाळूवरच चढवा. जिब मी उघडीच ठेवणार, फक्त तिची शीट क्लीटमधून (दोर अडकवायच्या पकडीतून) मोकळी. पुढच्या माणसाने होडीवर चढल्याबरोबर आधी तीच ओढायची.

खारावारा: आणि तो चढू शकला नाही तर?