बाळाच्या अंगावरची ओळ : अश्लील, चावट की असभ्य?

माझ्या बहिणीच्या बाळाला कुणीतरी एक ओन्सी, म्हणजे बाळाचा एकसंध कपडा, भेट दिली. खाली तीन टिचबटणं, खांद्यावर कापडाच्या दोन पाळ्या एकमेकींवर आलेल्या. त्या पाळ्यांमुळे कपडा शीनं भरला तरी डोक्यावरून काढावा लागत नाही, खांद्यांवरून खाली ओढता येतो. कापड मऊ होतं, शिवण छान होती. छातीवर मात्र रबरासारख्या जाड अक्षरांत इंग्रजीत छापलं होतं : ‘आईला फक्त पाठ चोळून हवी होती.’

बाळाचा दादा सहा वर्षांचा आहे. नुकताच वाचायला लागलाय, त्यामुळे दिसेल ते वाचतो. एकेका शब्दावर बोट ठेवत, जुळवत जुळवत त्यानं ती ओळ लावली आणि आईला विचारलं, “तुझी पाठ दुखत होती?”

“हो रे,” बहीण म्हणाली, आणि बाळाचं टिचबटण लावत राहिली. मान वर केली नाही तिनं.

तेव्हापासून मी शब्द शोधते आहे. अशा मजकुराला मराठीत नेमकं काय म्हणावं? ‘शिवराळ’ नाही, कारण त्यात शिवी नाही. ‘वात्रट’ म्हणवत नाही. वात्रटपणा आपण मुलांना माफ करतो, आणि इथे मुलानं काही केलेलंच नाही. ‘वाह्यात’ हा मूळचा अरबी शब्द, निरर्थक बडबडीसाठीचा. पण या ओळीला अर्थ आहे, चांगलाच आहे. ‘चावट’ जवळ जातो, पण चावट हा लाडाचा शब्द आहे. नवराबायको एकमेकांना म्हणतात, मैत्रिणी म्हणतात. बाळाच्या छातीवर तो मला चिकटवता येईना. ‘अश्लील’ म्हणावं तर लोक म्हणतील, एवढं काय आहे त्यात, एक तरी घाण शब्द दाखव.

आणि ते खरंच आहे. घाण शब्द एकही नाही. तरीही माझ्या बहिणीला मान वर करता आली नाही. म्हणजे शब्दांत नाही तर मग कशात आहे ते? जाणकारांनी सांगावं. असे कपडे बाळाला घालावेत का, यावरही मोकळेपणानं लिहा.

प्रतिसाद

ताई, मला तुमचा राग कळतो, पण थोडी बाजू मांडतो. बाळाला वाचता येत नाही. वर्षाच्या आसपास ते पहिला शब्द बोलतं, आरशातलं आपलं रूप ओळखायला साधारण दीड वर्ष लागतं. त्याला कसली लाज? रात्र रात्र जागणाऱ्या आईबापांना दोन घटका हसू आलं तर येऊ द्यावं. आमच्या मुलीच्या लंगोटावर ‘सावधान, आत शी आहे’ असं होतं. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही, आजही वाटत नाही.

धागाकर्ती

मलाही त्यात वावगं वाटत नाही, अगदी मनापासून सांगते. शी हे बाळाचं स्वतःचं काम आहे. दिवसातून पाच वेळा त्याचंच बोलणं घरात चालतं. आणि मराठीत ‘शी’ किती मजेदार आहे बघा. तोंड वाकडं करून ‘शीऽऽ’ म्हणतो तो किळसेचा उद्गार, आणि ‘बाळानं शी केली’ मधली शी हे नाम. घरात बाळ असलं की दुसरी शी एवढी रोजची होते की पहिली तोंडातून निघेनाशी होते. शू, ढुंगू, दुदू हे सगळे शब्द अंगाशी निगडित आहेत, आणि निर्मळ आहेत. ‘पाद’सुद्धा. संस्कृतात ‘पर्द्’ धातू आहे, इंग्रजीतला त्या अर्थाचा शब्द त्याचाच सख्खा भाऊबंद. म्हणजे हजारो वर्षं माणसं न लाजता ही गोष्ट सांगत आली आहेत.

तुमच्या लंगोटावरची ओळ बाळाबद्दल खरं बोलते. माझ्या बहिणीच्या बाळाच्या छातीवरची ओळ त्याच्या आईच्या अंथरुणाबद्दल बोलते, आणि तीही त्याच्या छातीवरून. आपल्याकडे ‘कमरेखालचा विनोद’ म्हणतात. तुमची ओळ शब्दशः कमरेखाली होती आणि तरी तसा विनोद नव्हती. माझी ओळ छातीवर होती.

प्रतिसाद

तुम्ही विचारलंत, शब्दांत नाही तर कशात आहे. याचं उत्तर आपल्या जुन्या काव्यशास्त्रात जवळपास तयार आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी ‘अश्लील’. हा शब्द मुळात ‘अश्रीर’. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलात गायींचं सूक्त आहे, त्यात म्हटलंय की गायींनो, तुम्ही कृशाला पुष्ट करता आणि अश्रीरालाही सुंदर करता. म्हणजे अश्रीर ज्याला श्री नाही तो, ओबडधोबड, कळाहीन. कामवासनेचा त्यात काही संबंध नाही. ‘र’चा ‘ल’ झाला आणि पुढे अर्थही आक्रसत गेला.

अकराव्या शतकातल्या मम्मट या काव्यशास्त्रकारानं काव्यदोष सांगताना अश्लीलाचे तीन प्रकार केले : व्रीडा, जुगुप्सा आणि अमंगल. ज्यानं लाज वाटते ते, ज्यानं किळस येते ते, आणि ज्यानं अशुभाची चाहूल लागते ते. आज आपण ‘अश्लील’ म्हणतो तेव्हा फक्त पहिला धरतो. तिन्ही धरले तर बाळांच्या कपड्यांवरच्या ओळींची छान वाटणी होते. शी-शूच्या ओळी जुगुप्सेत, आणि बाळ असलेल्या घरात जुगुप्सा टिकत नाही हे तुम्हीच लिहिलंत. पाठ चोळण्याची ओळ व्रीडेत. तिसऱ्या प्रकाराकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. ‘मी चुकून झालो’, ‘मी ठरलेला नव्हतो’ अशा अर्थाच्या ओळीही विकायला असतात. त्यांत लाजेचं काही नाही, किळसेचं काही नाही. पण जगात नुकत्याच आलेल्या जिवाच्या अंगावर ‘तू नको होतास’ लिहिणं हे अमंगल आहे. माझ्या लेखी ती सगळ्यांत वाईट ओळ.

आता तुमचा मूळ प्रश्न. शब्दाच्या तीन शक्ती मानल्या आहेत : अभिधा (सरळ अर्थ), लक्षणा (लाक्षणिक अर्थ), व्यंजना (सूचित अर्थ). अभिधेनं तुमची ओळ एका दमलेल्या बाईची साधी विनंती आहे. तुमच्या भाच्यानं ती तशीच वाचली, आणि तो अगदी बरोबर होता. मोठ्यांना ऐकू येते ती व्यंजना : पाठ चोळता चोळता पुढे काय झालं, त्याचा पुरावा हे बाळ. म्हणूनच घाण शब्दांची यादी करून असे कपडे अडवता येणार नाहीत. यादीत ‘पाद’ सापडेल आणि ‘पाठ’ सुटून जाईल.

धागाकर्ती

तुमचा प्रतिसाद बहिणीला वाचून दाखवला. ‘तो अगदी बरोबर होता’ या वाक्यावर ती थांबली, म्हणाली परत वाच.

प्रतिसाद

‘ग्राम्य’ हा शब्द अजून कुणी कसा आणला नाही? ‘क्रूड’ किंवा ‘व्हल्गर’ला कोशात तोच मिळेल.

धागाकर्ती

मिळेल, पण मी तो वापरणार नाही. ग्राम्य म्हणजे गावाकडचा. शहरातल्या माणसानं आपल्याला नको असलेलं सगळं गावाच्या नावावर खपवलं, असं त्या शब्दात दिसतं. ‘व्हल्गर’चीही तीच गत, लॅटिनमध्ये ‘वुल्गुस’ म्हणजे सामान्य जनता. कारखान्यात छापलेल्या ओळीसाठी गावाला का बोल लावायचा?

प्रतिसाद

मी जरा वेगळा मुद्दा मांडते. काय नेसावं, काय ल्यावं हे दुसऱ्यानं सांगू नये असं माझं ठाम मत आहे. १९६८ साली लॉस एंजलिसच्या कोर्टात एक तरुण सक्तीच्या लष्करभरतीला सरळ शिवी घालणारं जाकीट घालून गेला. त्याला शिक्षा झाली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि १९७१ मध्ये तो जिंकला. न्यायमूर्ती हार्लन यांनी निकालात म्हटलं की एकाला जे असभ्य वाटतं तेच दुसऱ्याला गीत वाटतं. आज बाळाच्या कपड्यावर बोट ठेवाल, उद्या मोठ्यांच्या.

धागाकर्ती

त्या तरुणाच्या बाजूनं मीही उभी राहीन. ते जाकीट त्यानं स्वतः घातलं होतं. शिक्षा त्याला झाली आणि लढला तोच. शब्द त्याचे होते.

बाळाच्या कपड्यांवरच्या ओळी नीट वाचा. बऱ्याचशा प्रथमपुरुषी एकवचनी असतात. ‘मी बाबांवर गेलोय, मलाही छाती आवडते.’ ‘मी आलोय, पोरींना कुलपात ठेवा.’ हा ‘मी’ कोण? जो बोलतोय त्याला अजून ‘मी’ म्हणता येत नाही. मराठीत तर हे जास्तच टोचतं, कारण आपलं क्रियापदच लिंग सांगतं. ‘आलोय’ म्हटलं की तो पुरुष झाला, पोरींच्या मागे लागणारा पुरुष, वय चार महिने. आणि दूध पिणं हे त्याचं जगणं आहे. ते त्याच्या तोंडून काढून बापाच्या नजरेत नेऊन ठेवलं.

मोठ्यांसारखं बोलणाऱ्या मुलाला आपण ‘आगाऊ’ म्हणतो. आगाऊ म्हणजे वेळेआधीचं, आगाऊ रक्कम देतो तसं. पण तो आगाऊपणा निदान मुलाचा स्वतःचा असतो. इथे तो बाळाच्या नावावर बाहेरून जमा केला जातो.

मोठ्यांच्या अभिव्यक्तीचा हक्क मला मान्य आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात सोळावं कलम मुलांच्या खाजगीपणाचं आणि प्रतिष्ठेचं आहे. एका टी-शर्टासाठी कुणी कोर्टात जावं असं मी म्हणत नाही. बाळाला प्रतिष्ठा असते हे जगानं कधीतरी बसून लिहून ठेवलंय, एवढंच सांगायचं होतं.

कायदा करा असंही मी म्हणत नाही. हौसेनं भेट देणाऱ्यानं देण्याआधी ओळ एकदा मोठ्यानं वाचावी, ‘मी’च्या जागी बाळाचं नाव घालून.

प्रतिसाद

मग फक्त कमरेखालच्या ओळींवरच का थांबता? २०११ मध्ये पेटी बातो या फ्रेंच कंपनीनं बाळांच्या कपड्यांवर नुसती विशेषणं छापली होती. मुलींच्या कपड्यावर सुंदर, हट्टी, गोड, नखरेल. मुलांच्या कपड्यावर धाडसी, बलवान, अभिमानी, चतुर. एकही शब्द असभ्य नाही. लोक चिडले, आणि बरोबर चिडले.

धागाकर्ती

‘नखरेल’ आणि काही महिन्यांची मुलगी! तुमचं म्हणणं पटलं. पण तो मला वेगळा धागा वाटतो, तो तुम्हीच सुरू करा, मी नक्की लिहीन. इथे मला माझा शब्द मिळवायचा आहे, आणि वरचं सगळं वाचून तो मिळालाय असं वाटतं.

असभ्य.

रोजच्या वापरानं हा शब्द बोथट झालाय, उद्धट माणसालाही आपण असभ्य म्हणतो. पण त्यात ‘सभा’ आहे. पाणिनीनं ‘सभाया यः’ असं सूत्रच दिलंय, सभेत जो शोभतो तो सभ्य. म्हणजे हा शब्द गोष्टीला मुळातून वाईट ठरवत नाही, ती कुठे शोभत नाही एवढंच सांगतो. माझी बहीण आणि मेहुणे पाठ चोळण्यावरून आपसात हसले तर तो चावटपणा, आणि तो त्यांचा. तीच ओळ बाळाच्या छातीवर आली की तिला सभा मिळते. बाबागाडीत बाळ असतं साधारण मोठ्यांच्या कमरेच्या उंचीवर, म्हणजे त्याची छाती सहा-सात वर्षांच्या मुलांच्या बरोबर डोळ्यांसमोर. ओळ मोठ्यांसाठी लिहिलेली, आणि पहिली वाचणार नुकती वाचायला लागलेली मुलं.

सभा पुढेही चालू राहते. पाच महिन्यांत बाळाचं वजन जन्माच्या दुप्पट होतं, कपडा काही आठवड्यांत आखूड पडतो. फोटो आखूड पडत नाहीत.

प्रतिसाद

शब्द आवडला. एकच शंका. घरात घातला तर चालेल? घर म्हणजे सभा नव्हे.

धागाकर्ती

मलाही तसंच वाटत होतं. पण घरात तो सहा वर्षांचा आहे ना.

बहिणीनं तो कपडा टाकला नाही, कापड खरंच चांगलं आहे. आधी उलटा करून घातला, तर टिचबटणांचे मागचे टोकेरी कडे बाहेर आले आणि ती जाड अक्षरं आतून बाळाच्या छातीला घासायला लागली. मग अक्षरांवर कापडाचा एक चौकोनी तुकडा शिवला, बारीक टाके घालून, आतून धागा लागू नये म्हणून अस्तरासकट. आता नुसता पिवळा चौकोन दिसतो. दादानं परवा त्यावर बोट ठेवून विचारलं की इथलं कुठे गेलं. आणि मग, आठवून, की आता तुझी पाठ बरी आहे का.