मारुती ८००, १९९८: मीटरची केबल दोनदा बदलली, तरी काटा शून्यावरच

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

नमस्कार मंडळी. गाडी मारुती ८००, १९९८ची, कार्ब्युरेटरवाली, चार गिअरची. बाबांनी नवी घेतलेली, आता माझ्याकडे. रोज शाळेत जाऊन-येऊन १४ किलोमीटर आणि महिन्यातून एकदा रत्नागिरीला बहिणीकडे, एवढंच तिचं चालणं.

दुखणं असं. यंदा पावसाळ्यात काटा नाचायला लागला. गाडी तिसऱ्या गिअरला गुमान ४०ने चाललेली आणि काटा आपला २० ते ५०च्या मध्ये लेझीम खेळतोय. सोबत डॅशबोर्डच्या आतून चिमणी चिवचिवावी तसा आवाज, सकाळी गाडी थंड असताना जास्त. गणपतीत एक दिवस आत कट् झालं, काटा शून्यावर पडला आणि किलोमीटरचे आकडेही तिथेच थांबले.

मेकॅनिक म्हणाला केबल गेली. साडेतीनशेची नवी टाकली. तीन आठवडे चालली, परत कट्. माल डुप्लिकेट असेल म्हणून दुसरी केबल दुसऱ्या दुकानातून आणली. ती दसऱ्याला बसवली, दिवाळीचा फराळ संपायच्या आत गेली. दोन्ही केबली मीटरकडच्या बाजूलाच तुटल्या, टोकापासून बोटभर अंतरावर. आता तो म्हणतो, मीटरच बदला, भंगारातून आणून देतो, "आणि आकडे म्हणाल तेवढे लावून देतो".

अडचण त्या आकड्यांचीच आहे. माझ्या मीटरवर १,१२,६४८ आहेत. बाबांची एक वही आहे. १९९८पासून प्रत्येक वेळी पेट्रोल भरलं की तारीख, लिटर आणि मीटरचा आकडा, निळ्या शाईत. ते गेल्यावर मी लिहितो. त्या वहीत भलत्याच गाडीचा आकडा घालायचा म्हणजे शेजाऱ्याच्या सातबाऱ्यावर आपलं नाव चढवल्यासारखं वाटतं.

तर प्रश्न: दोष मीटरमध्ये आहे की गिअरबॉक्सकडच्या पिनियनमध्ये, म्हणजे केबल फिरवणाऱ्या छोट्या दातेरी चाकात? आणि हे घरी खात्रीने कसं ओळखायचं? माझ्याकडे जॅक आहे, ड्रिल आहे आणि रविवार आहे.

टर्बो_ताशा

दादा, हे हमखास स्पीड सेन्सरचं काम आहे. माझ्या गाडीत सेम झालं होतं. स्कॅनर लाव, एरर कोड येईल, सेन्सर बदल, विषय संपला.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

अरे बाबा, या गाडीत स्कॅनर लावायला भोकच नाही. तुझ्या गाडीत वायरीतून सिग्नल येतो, माझ्या गाडीत वेणीसारखी वळलेली तार फिरत फिरत येते.

जुना_पाना (सांगली)

गुरुजी, शाळेत जाता म्हणजे गुरुजीच असणार, बरोबर? पस्तीस वर्षं हात काळे केलेत, त्यातली निम्मी ८००च्या खाली झोपून. लगेच काही विकत घेऊ नका.

आधी मीटर चालतो कसा ते ध्यानात घ्या, मग दोष आपोआप दिसतो. गिअरबॉक्समधलं छोटं पिनियन केबल फिरवतं. केबलचं चौकोनी टोक मीटरच्या मागच्या स्पिंडलमध्ये, म्हणजे फिरत्या दांड्यात, बसतं. त्या स्पिंडलवर लोहचुंबक आहे आणि चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. चुंबक फिरला की वाटी त्याच्यामागे ओढली जाते, पण केसासारखी बारीक स्प्रिंग तिला धरून ठेवते. जेवढा वेग तेवढी ओढ, तेवढा काटा वर. आकड्यांची भानगड वेगळी: त्याच स्पिंडलवरून दातेरी चाकांनी किलोमीटरचे आकडे फिरतात.

म्हणून नुसता काटा मेला आणि आकडे चालू, तर दोष वाटी-स्प्रिंगचा. आकडे मेले आणि काटा चालू, तर आतलं प्लॅस्टिकचं चाक. दोन्ही एकदम मेले, तर केबल, पिनियन किंवा स्पिंडल. तुमचं तिसरं प्रकरण आहे.

आता पिनियन गेलं असतं तर केबल तुटली नसती. ती आरामात पडून राहिली असती. केबल तुटते याचा अर्थ खालून कोणीतरी जोर लावतंय आणि वरून कोणीतरी अडवतंय. मीटरकडच्या टोकाला दोनदा तुटली म्हणजे अडवणारा मीटरमध्ये बसलाय. हे माझं मत. पण मताने गाडी दुरुस्त होत नाही, तपासा.

रविवारी असं करा. मागच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, पुढचं एकच चाक जॅकवर घ्या. गाडी न्यूट्रलला, चावी काढलेली. मीटरकडून केबल सोडवा आणि एकाला ते टोक बघत बसवा. तुम्ही उचललेलं चाक हाताने पुढच्या दिशेला दहा वेळा फिरवा. दुसरं चाक जमिनीवर असल्याने डिफरन्शियल (दोन्ही चाकांत गती वाटणारी दातेरी जोडणी) निम्मीच गती पुढे देतं, म्हणजे मीटरच्या दृष्टीने चाकाच्या पाचच फेऱ्या. जपानी हिशेबाने एका किलोमीटरला केबलच्या ६३७ फेऱ्या. तुमचा टायर १४५/७० आर १२ असेल तर घेर जवळजवळ १.६ मीटर, पाच फेऱ्यांचे ८ मीटर, म्हणजे केबल पाचेक वेळा फिरली पाहिजे. पाच भरल्या तर पिनियन निर्दोष. तुटकी केबल असेल तर खालचा तुकडा गिअरबॉक्सकडून बघा, हिशेब तोच. फिरते कुठल्या दिशेला तेही लिहून ठेवा, पुढे लागेल.

मग मीटर काढा. आधी बॅटरीची मायनस सोडा, त्या मागच्या जुन्या वायरी कशाला टेकतील सांगता येत नाही. तुटलेल्या केबलचं चौकोनी टोक दोन बोटांत धरून स्पिंडलमध्ये घाला आणि फिरवा. पेनाचं टोपण फिरवावं इतकं हलकं फिरायला हवं. कचकलं, अडलं, मध्येच जड लागलं तर चोर सापडला. ड्रिल लावायचा मोह आवरा. लावलाच तर अगदी हळू आणि लिहून ठेवलेल्या दिशेलाच. उलटा फिरवलात तर काटा शून्याच्या खुंटीवर आपटत राहील.

आणि एक विचारतो, गाडी कधी पाण्यात गेली होती का?

एक_शून्य_शून्य

भंगारातला मीटर लावून आकडे "जुळवून" घेऊ नका सर. पुढे गाडी विकताना तुम्ही खरं बोलताय हे कोणाला पटणार? बदलायचाच असेल तर बिलावर दोन्ही मीटरचे आकडे लिहून घ्या.

बाकी टायरचा मुद्दा बरोबर. आमच्या ८००ला एकाने १४५/८० चढवले होते. दिसायला फरक बोटभर, पण घेर सहा टक्क्यांच्या आसपास वाढतो. मीटर ६० दाखवायचा तेव्हा गाडी ६३-६४ला असायची. मीटरवाल्याकडे दोन चकरा मारल्या आणि दोष होता खाली चाकात.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

जुना पाना, नमस्कार. गुरुजीच. आठवी-नववीला भूगोल.

पाण्याचं विचारलंत आणि मी खुर्चीत सरसावून बसलो. २२ जुलै २०२१चा चिपळूणचा पूर तुम्ही बातम्यांत पाहिला असेल. गाडी बाजारपेठेजवळ मित्राच्या दारात होती. पाणी स्टेअरिंगच्या वर गेलं होतं. इंजिन खोललं, ऑइल तीनदा बदललं, सीट फेकल्या. मीटरला मात्र कोणी हात लावला नाही, कारण तो चालत होता. त्यानंतर दोन वर्षं चालला, म्हणून मी पुराचा उल्लेखच केला नाही.

रविवारी विद्यार्थ्याला, म्हणजे माझ्याच मुलाला, टॉर्च देऊन बसवलं. दहा फेऱ्यांना केबल पाच भरली, सहाव्याला अंगठाभर सुरुवात. पिनियन निर्दोष सुटलं.

मीटर काढला. टोक घालून फिरवलं तर अर्धा वेढा हलकं, मग जात्यात खडा आल्यासारखं जड. जोर लावला की सुटायचं, पुन्हा तिथेच जड. स्पिंडलच्या तोंडाशी काडीने खरवडलं तर तांबूस भुकटी आली. ओली करून बोटांत चोळली. नुसता गंज असता तर चोळताच कळलं असतं, ही आमच्या बाजारपेठेतली माती आहे. पूर ओसरल्यावर महिनाभर फावड्याने ओढलीय, तिची ओळख पटायला वेळ लागला नाही.

मीठभाकर

गुरुजी, तुमच्याकडे ती वही आहे ना? चिपळूण-रत्नागिरीचे आकडे काढा. माझा अंदाज, मीटर मरायच्या आधीपासूनच तो कमी मोजत असणार.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

मीठभाकर, तुम्ही कोण आहात माहीत नाही, पण घरी जेवायला या.

दारापासून बहिणीच्या दारापर्यंत वर्षानुवर्षं ९१ किलोमीटर. क्वचित ९२, हातखंब्याला चहा लांबला आणि रस्ता चुकला तर. यंदाच्या नोंदी: जानेवारी ९१, फेब्रुवारी ९१, मार्च ९०, एप्रिल ८७, मे ८४. रत्नागिरी सात किलोमीटर जवळ आली आणि भूगोलाच्या मास्तरला पत्ता नाही.

त्याहून लाजिरवाणं पुढे. मे महिन्यात ॲव्हरेज १७वरून पावणेसोळावर आलं म्हणून मी कार्ब्युरेटर साफ करून घेतला. सहाशे रुपये. पेट्रोल तेवढंच जात होतं, किलोमीटरच कमी मोजले जात होते.

जुना_पाना (सांगली)

वहीवाला मुद्दा माझ्याही डोक्यात आला नव्हता. आता सगळं जुळलं. स्पिंडल जड झाला, केबलचं चौकोनी टोक त्यात घासून गोल होत गेलं आणि मधूनमधून घसरायला लागलं, म्हणून आकडे कमी. ताण साठायचा आणि सुटायचा, म्हणून काटा नाचायचा. चिमणी होती ती कोरडी बुशी, म्हणजे स्पिंडल ज्यात फिरतो ती बारीक नळी. पहिली केबल शेवटी थकली. पुढच्या दोन नव्या होत्या, टोकं धारदार, घसरल्या नाहीत, म्हणून सरळ तुटल्या.

साफ करायचं तर काट्याला आणि त्या केसाएवढ्या स्प्रिंगला हात लावायचा नाही. मागून फक्त बुशी धुवायची. तेल द्यायचं ते सुईच्या टोकावर राहील एवढंच. जास्त झालं आणि वाटीत उतरलं तर चुंबक आणि वाटी तेलाने चिकटून फिरतील, गाडी ३०ला आणि काटा ८०ला. त्याच कारणासाठी नव्या केबलला ग्रीस खालच्या बाजूला द्या, मीटरकडची वीतभर कोरडी ठेवा. फिरताना ग्रीस वर चढतं.

हात थरथरत असेल तर गावातला जुना घड्याळवाला गाठा. मीटरवाल्यापेक्षा बरा.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

घड्याळवाल्यांकडेच गेलो. सत्तरीचे आहेत, डोळ्याला भिंग लावून बसतात. मीटर हातात घेतला, स्पिंडल एकदाच फिरवला आणि म्हणाले, "यात पूर आहे." मी काही सांगितलं नव्हतं. त्यांच्याकडे त्या वर्षी शंभरेक घड्याळं याच अवस्थेत आली होती.

मीटर आडवा धरून मागून पेट्रोलचे दोन-दोन थेंब, मग स्पिंडल फिरवायचा, कापसाने टिपायचं. चौथ्या कापसापर्यंत तांबडं येत होतं, सातवा पांढरा आला. मग पितळी सुईने तेलाचा एक थेंब. एकच. पाऊण तास लागला. पैसे विचारले तर म्हणाले, गाडीत बसवून परशुरामला नेऊन आण.

नवी केबल खालच्या बाजूला ग्रीस देऊन बसवली. आतली वळणं मोठी ठेवली, आधीच्याने ती गाण्यांच्या टेपच्या मागून दाबून नेली होती. मग हायवेला गेलो. दगड मोजून वेग तपासायचा विचार होता, ६०ने किलोमीटरला ६० सेकंद. पण आमच्या ६६ नंबरच्या कामात अर्धे दगड गायब आहेत, म्हणून मोबाइलचा जीपीएस लावला. काटा ६०वर, मोबाइल ५६. टायर मूळ मापाचेच आहेत. चालेल ना?

जुना_पाना (सांगली)

चालेल. मीटरने थोडं जास्त दाखवावं, कमी कधीच दाखवू नये, हीच रीत आहे. युरोपच्या नियमात तर खऱ्या वेगाच्या वर दहा टक्के अधिक ४ किलोमीटर इतकी सूट आहे, तुमचे चार त्यात आरामात बसतात. पाचशे किलोमीटर झाले की केबलचं वरचं टोक एकदा काढून बघा. चौकोन चौकोनच असला पाहिजे.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

बघतो. मीटर बंद होता त्या दिवसांचे शाळेचे आणि रत्नागिरीचे किलोमीटर जोडून वहीत पेन्सिलीने लिहिले: "मीटर बंद, अंदाजे ७४०". खाली निळ्या शाईत १,१२,६४८ पासून पुढे. काल बहिणीकडे जाऊन आलो. जाताना ९१.