पूना हॉर्स रिसाल्याच्या साहेबाची तलवार: मालक कसा शोधायचा? (काका पॉलिशला नेतायत, लवकर सांगा)

नमस्कार मंडळी, शिरूरजवळच्या आमच्या जुन्या घरात एक तलवार आहे, खंडेनवमीला पूजेपुरती माळ्यावरून खाली येते आणि परत वर. पणजोबा नालबंद होते, रिसाल्यातला (घोडदळातला) कुणी साहेब विलायतेला जाताना देऊन गेला एवढंच घरात सांगतात, नाव कुणालाच माहीत नाही. यंदा मी नीट बघितली. परज तीन पोलादी दांड्यांची, मुठीवर खरबरीत कातडं आणि त्यावर तार, पातं किंचित वाकडं, ३४-३५ इंच असेल. पात्यावर वेलबुट्टीत मुकुट आणि व्ही आर (व्हिक्टोरिया राणीची अक्षरं), दुसऱ्या बाजूला पी ए व्ही ओ पूना हॉर्स, खाली तीन इनिशियल्स पण मधलं गंजाने खाल्लंय. मुठीपाशी सहा टोकांची चांदणी, तिच्यात पितळेचा ठिपका, आणि पात्याच्या पाठीवर एक नंबर.

चुलतभाऊ म्हणतो ही पूना हॉर्सच्याच त्या व्हिक्टोरिया क्रॉसवाल्या (शौर्यपदक मिळालेल्या) डी पास साहेबाची, मला पटत नाही. काका म्हणतात बफ (पॉलिशचं चाक) मारून चकाचक करू. आणि लंडनची आत्येबहीण म्हणते मी घेऊन जाते, इथे म्युझियमला दाखवते. काय करू?

प्रतिसाद
आधी काकांना आवरा!! ती वेलबुट्टी ॲसिडने केलेली असते, अगदी वरवरची, बफ किंवा पॉलिश पेपर लागला की नाव आणि रेजिमेंट दोन्ही साफ, मग उरतं नुसतं लोखंड. चिंच-लिंबू पण नको.

प्रतिसाद
डी पास नाही हो. त्याचा जन्म १८८७ चा, कमिशन (अधिकारी म्हणून नेमणूक) १९०६ ला, म्हणजे व्हिक्टोरियानंतरच्या एडवर्ड राजाच्या काळात, तो कशाला व्ही आर वाली तलवार करून घेईल? तो पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये फेस्तुबेरला नोव्हेंबर १९१४ मध्ये मारला गेला, तोवर अधिकाऱ्यांना १९१२ पॅटर्नची (त्या साली ठरलेल्या नमुन्याची) सरळ पात्याची, वाटीसारख्या परजेची तलवार आली होती. तुमची १८२१ पॅटर्नची दिसते. पी ए व्ही ओ म्हणजे प्रिन्स अल्बर्ट व्हिक्टर्स ओन, हे नाव रेजिमेंटला १८९० ला मिळालं आणि व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१ मध्ये गेली, म्हणजे मधल्या दहा-अकरा वर्षांतली तलवार. अधिकारी तलवार स्वतःच्या पैशाने घ्यायचे म्हणून त्यावर इनिशियल्स, सरकारी तलवारीवर नुसते इश्यूचे शिक्के असतात. तेव्हाच्या आर्मी लिस्टमध्ये (लष्करी अधिकाऱ्यांच्या छापील यादीत) ४थी बॉम्बे कॅव्हलरी शोधा, पूना हॉर्सचं तेव्हाचं नाव ते, ३४वी हा नंबर १९०३ नंतरचा. एका रिसाल्यात गोरे अधिकारी जेमतेम दहा-बारा, दोन अक्षरांवरही माणूस सापडेल. बनवणारा विल्किन्सन (लंडनची तलवारी बनवणारी कंपनी) असेल तर काम अजून सोपं, पाठीवरचा नंबर त्यांच्या प्रूफ बुकात (तपासून पास केलेल्या तलवारींच्या नोंदवहीत) असतो, तारीख मिळते आणि बरेचदा गिऱ्हाइकाचं नावही.

धागाकर्ता
वा! बाजूने टॉर्च मारून परत बघितलं, विल्किन्सन आणि पॉल मॉल (त्यांचा लंडनचा रस्ता) स्पष्ट वाचता येतंय. पण गंजाचं काय करू, म्यान पोलादी आहे आणि आत काहीतरी खडखडतंय.

प्रतिसाद
आतल्या लाकडी पट्ट्या सुटल्या असतील, ओढून काढू नका. पात्याला शिवणमशीनचं तेल लावून मऊ कापडाने पुसा, आणि पावसाळ्यात म्यानाबाहेर ठेवा, म्यानात दमट हवा कोंडते. मुठीवरचं कातडं माशाचं असतं, त्याला तेल-पाणी काही नको.

आत्येबहिणीला स्पष्ट नाही सांगा. शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते, ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, एअरपोर्टवर अडकेल बिचारी. फोटो पाठवा म्हणावं. नऊ इंचांवरच्या पात्यांना काही भागांत शस्त्र परवाना लागतो, तुमच्याकडे लागतो का ते पोलीस स्टेशनला विचारून घ्या, आणि विचारायला जाताना तलवार बरोबर नेऊ नका 😀

धागाकर्ता
काका तूर्तास थांबलेत, पण दसऱ्याच्या आत उत्तर पाहिजे म्हणतात. पहिलं अक्षर जी, शेवटचं डब्ल्यू. कुणाकडे १८९० ते १९०१ मधल्या आर्मी लिस्टची ४थ्या बॉम्बे कॅव्हलरीची पानं असतील तर प्लीज इथे टाका, नंबरचा फोटो काढून प्रूफ बुकाचं मी बघतो.