मदत हवी आहे : आईला घेऊन गिरनार, गीर, सोमनाथ

नमस्कार मंडळी. डिसेंबरात आईसोबत सौराष्ट्रात जायचंय. वय ६८, गुडघे दुखतात, पण गिरनारला दत्तपादुकांचं दर्शन घ्यायचंच, हे तिनं मनाशी धरलंय. २०२० पासून रोपवे आहे, पण तो वाटेतल्या अंबाजी मंदिरापर्यंतच. पुढे गोरखनाथ शिखरावरून दत्तशिखरापर्यंत पायऱ्यांचा चढउतार उरतोच. त्या टप्प्यासाठी डोली मिळते का? आधी ठरवावी लागते का? जोराच्या वाऱ्यानं रोपवे बंद राहिला तर तुम्ही काय केलंत?

पायथ्याचा अशोकाचा शिलालेख मला निवांत पाहायचाय, म्हणून जुनागढला दोन मुक्काम पुरतील का? सासण गीरची सफारी सकाळची बरी की दुपारची? शेवटी सोमनाथ. ज्येष्ठांना नेलेल्यांनी जरूर सांगा, तिची ही इच्छा पुरी करायचीच आहे.