थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन कुठे जावं? ऊब हवी, निसर्ग हवा, चढण नको

सोनकी:
आम्ही न्यू जर्सीत असतो. आई-बाबा साताऱ्याहून आलेत, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात परत जातील. इथल्या थंडीला आत्ताच कंटाळलेत, म्हणून नोव्हेंबरअखेर पाच रात्रींसाठी कुठेतरी उबेला न्यायचं आहे. बाबा ७२ वर्षांचे, मधुमेह आहे. आईचे गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर अर्धा-पाऊण तास चालते, पण पायऱ्या आणि चढ जमत नाही. बरोबर आम्ही दोघं आणि ९ वर्षांची मुलगी. सगळे शाकाहारी.

डोक्यात तीन पर्याय आहेत: लास वेगास आणि ग्रँड कॅन्यन, फ्लोरिडात की वेस्ट, किंवा हवाई. दुपारी स्वेटर न घालता बाहेर निवांत बसता यावं, एवढी ऊब हवी. कॅसिनो आणि थीम पार्क नकोत. बुधवारी निघून सोमवारी परतायचा विचार आहे. जाणकारांनी सांगावं.

रेताड:
ग्रँड कॅन्यनवर आधी फुली मारा. नकाशात ते दक्षिणेला दिसतं म्हणून उबदार वाटतं, पण साउथ रिम, म्हणजे दक्षिणेकडचा कडा, सुमारे ७,००० फुटांवर आहे. नोव्हेंबरात तिथे दुपारचं सरासरी तापमान ५२ फॅरनहाइट (११ सेल्सिअस) आणि पहाटे उणे ३ सेल्सिअस. आई-बाबा गाडीतून उतरून कठड्यापर्यंत जातील, दोन फोटो काढतील आणि परत गाडीत बसतील. अमेरिकेच्या नैऋत्येला या दिवसांत ठिकाण निवडताना आधी उंची बघायची. दर हजार फुटांना तीन ते पाच अंश फॅरनहाइट उतरतात. झायन, ब्राइस, सँटा फे ही नावं त्यामुळे आपोआप गळतात.

माझं मत टूसॉनला, म्हणजे दक्षिण ॲरिझोनाला. उंची सुमारे २,४०० फूट, नोव्हेंबरात दुपारी सरासरी २३-२४ सेल्सिअस, रात्री ९ च्या आसपास. आपल्याकडच्या जानेवारीतल्या साताऱ्यापेक्षा थोडी थंड हवा, आणि फार कोरडी. न्यू जर्सीहून फिनिक्सला थेट विमानं मिळतात, साधारण साडेपाच तास. घड्याळ दोन तास मागे करायचं. फिनिक्स विमानतळाहून भाड्याच्या गाड्यांच्या इमारतीत स्काय ट्रेन फुकट नेते, बॅगा घेऊन बसमध्ये चढउतार नाही. तिथून आय-१० महामार्गाने टूसॉन ११५ मैल, पावणेदोन तास. आई-बाबांना आवडणार असेल तर वाट थोडी वाकडी करून मॅरिकोपाचं महागणपती मंदिर करता येतं; दर्शनाच्या वेळा मात्र आधी बघून ठेवा.

पाचही रात्री एकाच ठिकाणी मुक्काम करा, स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. हॉटेल बदलत फिरलात तर दर दुसरी सकाळ बॅगा भरण्यात जाते, आणि दिवस मुळातच लहान असतो. सूर्य सातला उगवतो, पाच-वीसला मावळतो.

सग्वारो राष्ट्रीय उद्यानाचे दोन तुकडे आहेत, शहराच्या पूर्वेला एक आणि पश्चिमेला एक. दोन्हींमध्ये गाडीने तासभराचं अंतर, म्हणून ते दोन वेगळ्या दिवशी ठेवा. पूर्वेकडे ८ मैलांचा डांबरी फेरा आहे, गाडीत बसूनच सगळं दिसतं, आणि त्याच वाटेवर पाव मैलाची फरसबंद डेझर्ट इकॉलॉजी पायवाट आहे. पश्चिमेकडे अर्ध्या मैलाची फरसबंद डेझर्ट डिस्कव्हरी पायवाट. दोन्ही आईंना सहज जमतील. पश्चिमेकडचा ६ मैलांचा बहाडा फेरा कच्चा आहे. बहुतेक भाड्याच्या गाड्यांच्या करारात कच्च्या रस्त्याला बंदी असते. टायर फुटला तर खर्च तुमच्या माथी येतो. तो सोडा.

लेकीला एक गोष्ट मुद्दाम दाखवा. सग्वारो निवडुंग ४०-५० फूट वाढतो, पण पहिल्या आठ वर्षांत जेमतेम एक-दीड इंच. म्हणजे तिच्या वयाचा सग्वारो तिच्या अंगठ्याएवढा. तो उघड्यावर सापडत नाही. पालोवर्डेच्या झाडाखाली, खोडाशी वाकून शोधावा लागतो, कारण ती सावली आणि आडोसा नसेल तर कोवळं रोप उन्हाने किंवा कडाक्याच्या थंडीने मरतं. पुढे मोठा सग्वारो ज्या झाडाने सांभाळलं त्याचंच पाणी ओढून घेतो. पहिलं फूल साधारण ३५ व्या वर्षी, फांदी फुटायला ५० ते ७५ वर्षं. खोडाला उभ्या चुण्या असतात, भात्यासारख्या. पाऊस पडला की त्या उलगडतात, दुष्काळात पुन्हा मिटतात. चुण्या किती खोल आहेत यावरून अलीकडे पाऊस झाला की नाही ते ओळखता येतं.

सबीनो कॅन्यनला विजेवर चालणारी ट्राम आहे, पावणेचार मैल आत नेऊन आणते, साधारण तासाभरात. तिकीट ऑनलाइन आधीच काढा. नोव्हेंबरअखेर ओढ्याकाठचे कॉटनवुड आणि सायकमोर पिवळे झालेले असतात आणि वर कड्यांवर सग्वारो उभे. पानगळीचे रंग आणि वाळवंट एकाच चौकटीत, हे दृश्य दुसरीकडे फारसं मिळत नाही. डेझर्ट म्युझियम नावाला संग्रहालय, खरं तर उघडं प्राणी-वनस्पती उद्यान आहे. तिथे चाकाची खुर्ची मिळते, आईंसाठी संकोच न करता घ्या, कारण पायवाटा एकूण दोन मैलांच्या भरतात. थंडीच्या मोसमात सकाळी शिकारी पक्षी मोकळे सोडून दाखवतात. हॅरिसचे ससाणे डोक्यावरून इतके खाली जातात की पंखांचा वारा लागतो. त्याच बाजूला गेट्स पासवरून सूर्यास्त बघा. वाहनतळ लहान आहे, पावणेपाचच्या आत पोचा.

माउंट लेमन ९,१५७ फूट. २७ मैलांच्या घाटात सग्वारोपासून पाइनपर्यंत जंगल बदलत जातं. वर खाली मिळून ३० अंश फॅरनहाइटचा फरक पडतो, बर्फही असू शकतो. विंडी पॉइंटपर्यंत, साधारण १४ मैल, जाऊन परत फिरलात तरी बरंच हाती लागतं. पेट्रोल खालीच भरून घ्या.

काटेसावर:
रेताड यांच्याशी सहमत. टूसॉनला जाणारच असाल तर चोया निवडुंगाबद्दल नीट वाचा, विशेषतः बाबांच्या मधुमेहामुळे.

चोयाचे गोळे जमिनीवर पडलेले असतात आणि बुटाला, पोटरीला नुसते घासले तरी चिकटतात. काट्याच्या टोकाला उलटे खवले असतात, त्यामुळे आत सहज जातो आणि बाहेर येताना मांस ओढतो. हाताने काढायला गेलं की गोळा बोटांना चिकटतो. जाड दातांचा कंगवा खिशात ठेवा. कातडी आणि गोळा यांच्यामध्ये कंगवा सरकवायचा आणि एका झटक्यात माणसं नाहीत त्या बाजूला उडवायचा. उरलेले काटे चिमट्याने, आत शिरले त्याच रेषेत ओढून. मधुमेहात तळपायाची संवेदना कमी असेल तर काटा रुतलेला कळतही नाही आणि दोन दिवसांनी जखम चिघळते. म्हणून बाबांना सँडल नको, बंद बूट, आणि रोज रात्री तळपाय उजेडात तपासायचे. इन्सुलिन असेल तर हातातल्या बॅगेत ठेवा, उभ्या गाडीत नको. बाहेर २४ अंश असले तरी बंद गाडी उन्हात भट्टीसारखी तापते.

हवा कोरडी असल्याने घाम दिसत नाही, तहान लागत नाही, मग संध्याकाळी डोकं दुखतं. आई-बाबांना दर तासाला चार घोट पाणी प्यायची आठवण करा. ओठांना आणि नाकपुड्यांच्या आत व्हॅसलीन.

आय-१० वर धुळीचं वादळ क्वचित या दिवसांतही येतं. समोरचं दिसेनासं झालं तर रस्त्याच्या पूर्ण बाहेर गाडी घ्या, सगळे दिवे बंद करा, पार्किंग ब्रेक लावा आणि ब्रेकवरचा पाय काढा. दिवे चालू ठेवायची चूक बरेचजण करतात. मागचा चालक त्या लाल दिव्यांना रस्ता समजून थेट येऊन आदळतो.

आणि कागदपत्रं. टूसॉनच्या दक्षिणेला तुबाक गावाकडून परतताना आय-१९ वर सीमा गस्त दलाचं तपासणी नाकं आहे. आई-बाबांचे मूळ पासपोर्ट आणि आय-९४ ची (अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीची) छापील प्रत जवळ हवी, फोनमधला फोटो पुरत नाही. (या रस्त्यावर अंतरांच्या पाट्या किलोमीटरमध्ये आहेत, बाबांना गंमत वाटेल.)

किनारपट्टी:
की वेस्टची बाजू मांडतो, कारण निव्वळ उबेचाच विचार केला तर ते टूसॉनला मागे टाकतं. दुपारी २६-२७ सेल्सिअस, रात्रीही २० च्या आसपास. कोरड्या हवेचा त्रास नाही, चढ तर औषधालाही नाही.

अडचण रस्त्याची. मायामीहून की वेस्ट १६० मैल, कागदावर साडेतीन-चार तास. पण ओव्हरसीज हायवे बहुतेक ठिकाणी जाणारी एक आणि येणारी एक अशा दोनच पट्ट्यांचा आहे आणि पर्यायी वाट नाही. सुट्टीच्या शनिवार-रविवारी एक अपघात झाला की सगळेच अडकतात, आणि बाबांना वेळेवर जेवण हवं असतं. करायचंच तर मधल्या मॅरेथॉन गावात मुक्काम करा. सेव्हन माइल ब्रिज तिथूनच सुरू होतो, बाहिया होंडाचा किनाराही जवळ. पत्ते मैलांच्या दगडांवर चालतात, शून्य की वेस्टला. हॉटेल घेताना हा आकडा बघा, नाहीतर "कीजमध्ये" (या बेटांच्या माळेत) म्हणून घेतलेली खोली शंभराव्या मैलावर निघते.

एव्हरग्लेड्सचा कोरडा हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून लागतो, डास कमी होतात, आणि अनहिंगा पायवाटेवर सुसरी आणि पाणपक्षी अगदी जवळून दिसतात. पाऊण मैल, सपाट. पण १ जानेवारी २०२६ पासून ११ गर्दीच्या उद्यानांत अमेरिकेबाहेरच्या १६ वर्षांवरील प्रवाशांना नेहमीच्या शुल्काशिवाय माणशी १०० डॉलर जास्तीचे लागतात. एव्हरग्लेड्स, ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस त्या यादीत आहेत. सग्वारो आणि कॅलिफोर्नियातली डेथ व्हॅली नाहीत. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-बाबांसाठी हा फरक मोठा आहे.

हवाई पाच रात्रींत नको. नेवार्कहून होनोलुलू थेट गेलं तरी अकरा तास, शिवाय पाच तासांचा वेळेचा फरक. आई-बाबांची झोप जुळेपर्यंत परतायची वेळ होईल.

सोनकी:
सगळ्यांचे मनापासून आभार! टूसॉन जवळजवळ ठरलं. लास वेगासऐवजी डेथ व्हॅली, असंही एकाने सुचवलंय. ते कसं राहील? आणि जेवणाचं काय करावं?

रेताड:
डेथ व्हॅली या दिवसांत सुरेख असते, दुपारी २५ सेल्सिअस. पण तुमच्यासाठी दोन गोष्टी आड येतात. दरीत मुक्कामाच्या जागा मोजक्या, त्यामुळे लास वेगासहून जाऊन-येऊन चार तासांचा प्रवास होतो, आणि साडेचारला सूर्य मावळतो. शिवाय चांगली प्रकाशवेळ प्रत्येक ठिकाणी वेगळी. झब्रिस्की पॉइंट सूर्योदयाला, आर्टिस्ट्स पॅलेट दुपारी उशिरा, बॅडवॉटर सकाळी डोंगराच्या सावलीत. एका दिवसात हे जुळत नाही, दोन रात्री आत राहिलं तरच जावं.

दिवस बदला. बुधवारचं जाणं आणि थँक्सगिव्हिंगनंतरच्या रविवार-सोमवारचं येणं, दोन्ही सर्वांत महाग आणि गर्दीचं. गुरुवारी सकाळी निघा, मंगळवारी परत या. न्यू जर्सीच्या शाळांना नोव्हेंबरच्या सुरुवातीला शिक्षक अधिवेशनाची सुट्टी असते, पुढच्या वेळी तेव्हा जा. हवा आणखी उबदार, भाडी कमी.

काटेसावर:
गुरुवारी पोचलात तर त्या दिवशी वॉलमार्ट, टार्गेट, कॉस्टको बंद आणि बहुतेक खाणावळीही. पहिल्या रात्रीचं घरूनच न्या: दशम्या, कोरडी चटणी, मेतकूट, तांदूळ, मूगडाळ, छोटा कुकर. लोणचं आणि तूप चेक-इन बॅगेत टाका. सुरक्षा तपासणीत ते द्रवात मोजतात आणि १०० मिलिलिटरच्या वर असेल तर काढून घेतात.

मेक्सिकन जेवण चविष्ट आहे, पण "व्हेजिटेरियन" एवढं सांगून भागत नाही. घोटलेल्या राजम्यात डुकराची चरबी असते, भात कोंबडीच्या रश्शात शिजवलेला असतो. "मांतेका आहे का?" आणि "काल्दो दे पोयो आहे का?" हे दोन प्रश्न नेमके विचारा. कालाबासितास, म्हणजे भोपळा, मका आणि चीजची भाजी, बहुधा चालते. सोबाकेरा नावाची गव्हाची पोळी नक्की बघा. हातांवर झुलवत कोपरापर्यंत ताणतात, इतकी पातळ की पलीकडचं दिसावं. खानदेशी मांड्यांचीच आठवण होते, फक्त पुरण नाही. विकत घेताना कणकेत चरबी की वनस्पती तेल, हे विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी दोन्ही प्रकार ठेवलेले असतात.